लाल त्रिकोण

त्याने मीटरची तार चौदाव्या सेलला टेकवली, आकडा बघितला आणि मान खाली घातली. पुन्हा तोच रोग. दोन महिन्यांत भंगारातून शोधून आणून त्याने तीन सेल बदलले होते, आणि एकाला बरं करावं तर शेजारच्याने अंथरूण धरायचं. असे अठ्ठावीस सेल होते त्या बॅटरीत.

"आभाळच फाटलंय," तो डिकीतून म्हणाला. "ठिगळ तरी कुठे कुठे लावू?"

"आधी बाहेर ये. पाठ मोडशील," वस्ताद म्हणाला. गॅरेज त्याचं. दोघांची दोस्ती वीस वर्षांची, त्यामुळे बोलण्यात आडपडदा नव्हता.

टॅक्सी चार लाख त्र्याऐंशी हजार किलोमीटर पळलेली. निम्मी पेट्रोलवर, निम्मी बॅटरीवर. स्टँडवरचे तिला 'दोन दगडांवर पाय' म्हणून चिडवत. बायको तिला सरळ सवत म्हणायची. "माझ्यापेक्षा तिची नाडी जास्त बघता," हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि गंमत बघा, वर्षभर ही सवतच तिला दवाखान्यात नेत होती. दर मंगळवारी सत्तर किलोमीटर जायचं, शिरेतून औषध चढवून घ्यायचं आणि परत यायचं. बसमध्ये तिला बसवत नव्हतं, परक्या गाडीत उलटी होईल या धास्तीने ती चढत नव्हती. गाडी गेली की औषध गेलं. औषध गेलं की... इथे तो थांबायचा आणि सेल मोजायला घ्यायचा.

गेल्या सहा मंगळवारांपैकी चार वाया गेले होते. अर्ध्या वाटेवर पूल यायचा, त्याच्या अलीकडेच समोरच्या काट्यांमध्ये धोक्याचा लाल त्रिकोण पेटायचा आणि गाडी मान टाकायची. मग गोगलगायीच्या चालीने घर गाठायचं. काल तर तो रस्त्याच्या कडेला स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला होता. तिने मागून खांद्यावर हात ठेवला.

"अहो, तिचं वय झालंय. तुमचा काय दोष त्यात?"

चारही वेळा ती एका शब्दाने चिडली नव्हती. उलट अशा दिवशी दोन घास जास्त जेवायची. काल तर तिला गाडीतच इतकी गाढ झोप लागली की त्याने तिला तशीच उचलून आत नेलं.

"तू दर वेळी डिकीतूनच बघतोस?" वस्तादने विचारलं.

"बॅटरी डिकीत आहे, तर काय टपावरून बघू?"

"हे सेल म्हातारे होऊन मरत नाहीयेत. भाजून मरतायत. बॅटरी गार ठेवायला हवा कुठून घेते ही?"

"मागच्या सीटच्या कडेला जाळी आहे तिथून. पण ती बंद होणं शक्यच नाही. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे ते."

खरंच ठाऊक होतं. गाडी घेतली त्याच दिवशी त्याने घरच्यांना जाळीपुढे उभं करून सुनावलं होतं, की ही इथून श्वास घेते, इथे रुमालसुद्धा ठेवायचा नाही, गुदमरली की संपली. सगळ्यात जास्त बायकोच हसली होती. म्हणून तर त्याने सगळी गाडी उलटीपालटी केली आणि जाळी तेवढी बघितली नाही. तिथे उशी लावून बायको बसायची. बायकोवर कोण शंका घेतं?

वस्तादने उशी बाजूला केली, जाळी उचकटली आणि आत हात घातला. हाताला लागला तो जांभळा मफलर, तिनेच विणलेला.

"घे. हे तुझं दुखणं," वस्ताद खुशीत म्हणाला. "घरंगळला असेल. पंखा साफ करतो, हा एक सेल बदलतो, मग पळव अजून लाखभर."

तो मफलर हातात घेऊन उभा राहिला. घरंगळलेल्या मफलरची चौपदरी घडी होत नाही. त्याचे गोंडे आत खोचलेले नसतात. आणि त्याच्यावर कोणी जाळी पुन्हा दाबून बसवत नाही.

"वहिनींना सांग, मफलर गळ्यात घालायचा असतो."

"सांगतो," तो म्हणाला.

घरी ती पलंगावर टेकून बसली होती.

"काय म्हणते सवत?"

"ठणठणीत झाली. हवा अडली होती."

ती चादरीचा दोरा ओढत राहिली. "सापडलं काही?"

"कचरा होता."

मोरीत मफलर धुताना त्याला भयंकर राग आला. दोन महिने बोटं सोलून घेतली, लोकांच्या दारात सेल मागत फिरलो, आणि ही मागे बसून... पण राग धड टिकेना. त्याच्या खालची भीतीच जास्त मोठी होती.

मंगळवारी त्याने उशी लावून दिली आणि वाळलेला मफलर घडी करून तिच्या शेजारी ठेवला. तिने तो बघितला. गळ्याभोवती गुंडाळला. गाडी लोण्यासारखी चालली होती. पूल जवळ आला तसं त्याने आरशात बघितलं. वर्षभर तो आरशात मागची वाहनं बघत आला होता. आज ती दिसली. डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही मुठी मांडीवर आवळलेल्या, ओठ पांढरे.

त्याने गाडी कडेला घेतली.

"काय झालं?"

"लाल त्रिकोण लागला."

ती दोन सीटच्या मधून पुढे वाकली. समोर वेगाचा काटा होता, पेट्रोल होतं, घड्याळ होतं. त्रिकोणाचा पत्ता नव्हता. ती बराच वेळ बघत राहिली.

"हो," ती म्हणाली. "लागलाय खरा."

"परत फिरायला हवं मग."

"डॉक्टर विचारतील."

"सांगू, वय झालंय."

त्याने पुलाच्या तोंडाशी गाडी वळवली. थोड्या वेळाने तिच्या झोपेचा श्वास ऐकू येऊ लागला. उतारावर इंजिन आपोआप बंद झालं होतं आणि गाडी नुसत्या बॅटरीवर, जराही आवाज न करता, घराकडे चालली होती.