मेंदूचं वय एकोणचाळीस

“तीन कवळ्या होत्या बॅगेत,” ती मुलगी सांगत होती. “बसमध्ये चार्जर काढायला हात घातला, तर हातात दात आले.”

वाचनालयाच्या दारातच बॅगा ठेवायचं काउंटर आहे आणि त्या काउंटरमागे माझी बायको बसते. सव्वीस वर्षं बसते आहे. मी आत वर्तमानपत्रांच्या टेबलाशी होतो, पण दात हातात आले म्हटल्यावर पेपर कोण वाचतो? उठून दाराशी आलो. मुलगी रागावलेली नव्हती, उलट तिला हसू आवरत नव्हतं. तिच्या मागे एक गृहस्थ घामाघूम होऊन उभे होते. दंतवैद्यांना कवळ्या बनवून देण्याचा त्यांचा धंदा. त्यांनी दवाखान्यात जाऊन बॅग उघडली तेव्हा आत अर्थशास्त्राच्या वह्या निघाल्या, आणि तिकडे एक आजोबा तोंड उघडून खुर्चीत बसलेले.

बायकोने दोन्ही काळ्या बॅगा काउंटरवर ठेवल्या, ज्याची त्याला दिली आणि म्हणाली, “चुकलं माझं.”

पस्तीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

आता या चुकीचं एवढं काय, असं कोणालाही वाटेल. पण हे काउंटर टोकनशिवाय चालतं. पूर्वी टोकनं होती. लोकांनी ती हरवत हरवत अकरा उरवली, तेव्हा हिने तीही गोळा करून कार्यालयात नेऊन दिली. तेव्हापासून सगळा कारभार डोक्यात. माणूस समोर आला की चेहरा बघायचा, हात मागे न्यायचा आणि बॅग काउंटरवर ठेवायची. दिवसाला दीडशे बॅगा तरी होतात. लोक मुद्दाम परीक्षा बघायचे. कोणी मिशी काढून यायचा, कोणी आत जाऊन शर्ट बदलायचा. एकदा दोन जुळे भाऊ आले. एकाने बॅग ठेवली आणि न्यायला दुसऱ्याला पाठवलं. ही म्हणाली, “भावाला पाठवा.” तेव्हापासून तिचं नाव झालं. सगळं वाचनालय तिला मावशी म्हणतं. मी तीस वर्षं बस चालवली, हजारो माणसं सुखरूप घरी पोचवली, पण इथे मी फक्त मावशींचा नवरा.

त्या दिवशी ग्रंथपालबाईंनी तिला आत बोलावलं. बाई वयाने आमच्या लेकीएवढ्या, स्वभावाने चांगल्या, पण पक्क्या.

“मावशी, मी टोकनं मागवते,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला बोल लावत नाही. हल्ली सगळ्यांच्याच बॅगा काळ्या असतात.”

“मला तीन महिने द्या,” ही म्हणाली. “तीन महिन्यांत एक जरी बॅग चुकली, तर आणा टोकनं.”

निवृत्तीला अकरा महिने उरले होते. बाई कबूल झाल्या. टोकनं मात्र त्यांनी आधीच मागवून काउंटरच्या खणात ठेवून दिली.

घरी चालत येताना ही नेहमी दिवसभराच्या गमती सांगते. त्या संध्याकाळी गमती नव्हत्या. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी एकदम म्हणाली, “ही पहिली चूक नाहीये, अहो. गेल्या महिन्यात दोनदा हात भलत्याच कप्प्यात गेला होता. वेळेवर ओढून घेतला.”

“होतं गं. मी परवा चष्मा लावून चष्मा शोधत होतो.”

“तुमचं तसं लग्नापासूनच आहे. माझं नव्हतं.” ती थोडं चालली. “आईचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग गॅस, मग माणसं. शेवटी मला विचारायची, तू कोणाची गं?”

मी घाबरलो होतो. बसचा ब्रेक लागला नाही तर माणूस घाबरतो, तसा.

लेक दुसऱ्या गावी असते. मी तिला फोनवर सगळं सांगितलं. तिने आधी डॉक्टरांकडे जायला लावलं. डॉक्टरांनी हिच्याकडून कागदावर घड्याळ काढून घेतलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, रक्त तपासलं आणि म्हणाले, “थोडंसं विसरणं वाटतंय, पण घाबरण्यासारखं आज काही नाही. सहा महिन्यांनी परत दाखवा. महत्त्वाचं असेल ते लिहून ठेवत जा.” लेकीने तेवढ्यावर न थांबता आईच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. मेंदूच्या व्यायामाचं. रोज पंधरा मिनिटं खेळायचं, की बुद्धी म्हणे तल्लख राहते. आणि ते ॲप तुमच्या मेंदूचं वयही सांगतं.

पहिल्या दिवशी त्याने हिच्या मेंदूचं वय सांगितलं अडुसष्ट. ही सत्तावन्नची. तिचा चेहरा एवढासा झाला. तिला बरं वाटावं म्हणून मीही खेळून पाहिलं, म्हटलं माझं नव्वद येईल आणि ती हसेल. माझं आलं एक्कावन्न.

“येणारच,” ती म्हणाली. “वापरलाय कुठे? कोराच आहे.”

पण त्या अडुसष्टाने ती पेटली. पंधरा मिनिटांची पंचेचाळीस झाली. पालथ्या पत्त्यांच्या जोड्या लावायच्या, हॉटेलात आलेल्या गिऱ्हाइकांनी काय मागवलं ते लक्षात ठेवायचं, लाल अक्षरांत ‘हिरवा’ लिहिलेलं असलं की लाल म्हणायचं. एक पातळी जिंकली की फोनमधून तुतारी वाजायची. सकाळी चहाबरोबर तुतारी, संध्याकाळी भाजी चिरताना तुतारी. दूध दोनदा उतू गेलं, कुकरच्या शिट्ट्या कोणी मोजल्या नाहीत. घरात बुद्धी वाढत होती आणि जेवण बिघडत होतं.

वाचनालयातही लागण झाली. पुस्तकं लावणारे दोघं खेळायला लागले, जुनी पुस्तकं बांधणारा बाइंडर खेळायला लागला, ग्रंथपालबाईंनी स्वतःचं वय कोणाला सांगितलं नाही म्हणजे ते बरं आलं नसावं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत कोणाचा मेंदू कितीचा यावर चर्चा चालायची. बाइंडरचं बहात्तर आलं तेव्हा त्याने ॲपलाच शिव्या दिल्या आणि हिने त्याला शेजारी बसवून पत्ते कसे बघायचे ते शिकवलं. कोपऱ्यापासून सुरुवात करायची, घाई करायची नाही, वगैरे. लेक तिकडून रोज आकडे बघायची आणि फोन करायची. बासष्ट झालं. पंचावन्न झालं. अठ्ठेचाळीस झालं. मी कधीच मागे पडलो.

अडीच महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, मोठी तुतारी वाजली. मेंदूचं वय एकोणचाळीस.

“आता पंचाईत आहे,” मी म्हणालो. “मी त्रेसष्टचा आणि बायको एकोणचाळीसची. लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, म्हाताऱ्याने नशीब काढलं,” ती म्हणाली, आणि इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. तिला असं हसताना पाहून मी त्या ॲपवाल्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

काउंटरवरही सगळं सुरळीत होतं. अडीच महिन्यांत एक बॅग इकडची तिकडे झाली नव्हती. सोमवारी तिने एकोणचाळीसचा आकडा ग्रंथपालबाईंना दाखवला. बाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, “राहू दे ती टोकनं खणातच. मी हरले.”

गुरुवारी मी नेहमीसारखा चार वाजता वाचनालयात गेलो. काउंटरपाशी माझ्यापुढे सर होते. सर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. अकरा वर्षं रोज येतात. काठी, तपकिरी कापडी झोळी, डोक्यावर एकही केस नाही. हिच्याशी त्यांची रोजची थट्टामस्करी चालते. त्यांच्या नातवाचा जन्म सगळ्यांत आधी हिला कळला होता.

सरांनी झोळी काउंटरवर ठेवली. हिने ती उचलली, त्यांच्याकडे बघून छान हसली आणि म्हणाली, “पहिल्यांदाच आलात का? पेपर उजव्या बाजूला आहेत. पुस्तक हवं असेल तर आत बाईंना विचारा.”

मी मागे उभा होतो.

सरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग काठी दुसऱ्या हातात घेतली. “हो, पहिल्यांदाच,” ते म्हणाले. “फार नाव ऐकलं होतं वाचनालयाचं. उजवीकडे ना? बरं, बरं.” आणि उजवीकडे निघून गेले. माझ्याजवळून जाताना त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि लगेच काढला. अकरा वर्षांत मला सरांविषयी एवढं प्रेम कधी वाटलं नव्हतं.

साडेपाचला सर झोळी न्यायला आले. हिने बरोबर झोळी काढून दिली. देता देता तिचा हात थबकला. सर म्हणाले, “येतो मावशी, उद्या भेटू,” आणि गेले. बाकी कोणाला काही कळलं नाही. खरं तर बॅग चुकलीच नव्हती. ठरल्या शर्तीप्रमाणे ती अजून जिंकलेलीच होती.

घरी येताना मी बाइंडरची नक्कल करून दाखवली, एका पुढाऱ्याच्या भाषणाची बातमी सांगितली. ती हूं हूं करत होती. पुलाच्या कठड्यापाशी आल्यावर थांबली.

“ते सर होते ना, अहो?”

मी खोटं बोलणार होतो. जमलं नाही. “हो.”

“तुम्ही मागेच होतात.”

“होतो.”

“आणि सर म्हणाले, पहिल्यांदाच आलोय.” ती कठड्याला टेकली. रडेल असं वाटलं, पण तिला हसू फुटलं. “काय माणूस आहे. आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं असेल.”

मीही हसलो. दोघं तिथे वेड्यासारखे हसत उभे होतो. मग ती डोळे पुसून म्हणाली, “एकोणचाळीस म्हणे.”

“ॲप चुकीचं असेल.”

“ॲप बरोबर आहे हो. पत्त्यांत मी एकोणचाळीसचीच आहे, मला समजतंय ना. तुम्ही तीस वर्षं बस चालवलीत. त्याने तुम्हाला पोहता आलं का?”

“नाही.”

“मग? खेळून खेळ येतो. सरांचा चेहरा त्या पत्त्यांत नव्हता.”

“मग आता बंद करणार?”

“का म्हणून? मजा येते. बाइंडरला साठाच्या खाली आणायचंय.” ती चालायला लागली. “डॉक्टरांना मात्र सहा महिने थांबून नको. पुढच्याच आठवड्यात वेळ घ्या. आणि तुम्ही पण या आत, बाहेर पेपर वाचत बसू नका.”

मी तिचा हात धरला. रस्त्यात हात धरायची आमची रीत नाही. तिने सोडवला नाही.

दुसऱ्या दिवशी मी चारला पोचलो तेव्हा काउंटरपुढे रांग लागलेली होती. तिथे रांग मी कधी पाहिली नव्हती. पुढे सरकल्यावर कळलं की खणातली टोकनं बाहेर आली आहेत. निळी, गोल, पांढऱ्या आकड्यांची. एक बॅगेच्या पट्ट्याला, त्याच आकड्याचं दुसरं माणसाच्या हातात. ग्रंथपालबाई बाजूला उभ्या राहून म्हणत होत्या, “मावशी, मी सांगितलं नव्हतं हं. तुम्ही शर्त जिंकलात.” ही म्हणाली, “जिंकलेच आहे. म्हणूनच माझ्या हाताने काढते.” सर माझ्या आधीच आले असावेत. आत टेबलाशी बसून ते आपल्या टोकनाने पेपर दाबून वाचत होते.

लोक कुरकुरत होते. कवळ्यांवाली ती मुलगी म्हणाली, “मावशी, मला कशाला टोकन? मला तर तुम्ही जन्मात विसरणार नाही.” हिने हसून तिच्या हातात टोकन ठेवलं.

माझी पाळी आली. माझी पिशवी जुन्या पडद्याची आहे, हिरव्या पट्ट्यांची, एक बंद लांब आणि एक आखूड. मी ती काउंटरवर टाकली आणि सवयीने आत निघालो.

“अहो, थांबा.”

तिने पिशवीला टोकन अडकवलं आणि दुसरं माझ्यापुढे धरलं. तेवीस नंबर.

“मला?” मी म्हणालो. मागची माणसं हसायला लागली. “अगं, ही पिशवी तू शिवलीस. आणि हा माणूसही तूच पसंत केलास.”

“घ्या हो,” ती म्हणाली. मग जरा पुढे वाकून हळूच म्हणाली, “तुमच्यासाठी नाहीये. माझ्यासाठी आहे.”

मी टोकन घेतलं. त्या दिवशी पेपरात काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

सहाला वाचनालय बंद होतं. एक एक करून सगळे गेले, सर गेले, ग्रंथपालबाई दिवे घालवत आतून आल्या. मी काउंटरपाशी गेलो. मागच्या सगळ्या कप्प्यांत आता एकच पिशवी उरली होती, हिरव्या पट्ट्यांची. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

मी टोकन तिच्या तळहातावर ठेवलं. तिने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, आकडा वाचला, मागे वळली. पिशवीला अडकवलेलं टोकन उलटवून तोही आकडा वाचला. मग पिशवी आणून माझ्यापुढे ठेवली.

“तेवीस,” ती म्हणाली. “चला घरी.”