ढिगाऱ्याच्या जागी टेकडी

मी मातीचा ढिगारा बोलतोय. मला बघून नाक मुरडायची सवय तुम्हाला आहेच, तेव्हा संकोच करू नका. मलाही तुमच्याबद्दल फारसं बरं वाटत नाही. का, तेच सांगतो.

माझा जन्म छत्रपती संभाजीनगरातला, बीड बायपासच्या पलीकडल्या एका शाळेत. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं म्हणून शाळेनं जमिनीत मोठी टाकी खणली. खड्ड्यातनं निघालेली काळी माती आणि पिवळा मुरूम मैदानाच्या कोपऱ्यात ओतला. तोच मी. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा उंच. टाकी बांधून झाली, ठेकेदार निघून गेला, मला उचलायला कुणी आलं नाही. खणायला सगळे पुढं, उचलायला कुणी नाही, ही तुमची रीत मला पहिल्याच महिन्यात कळली.

माझ्यासमोरचं मैदान सपाट आणि टणक होतं. त्यावर ना झाड, ना दगड. शनिवारी सकाळी पोरांना तिथं ओळीत उभं करायचे आणि शिट्टीच्या तालावर हात वर, हात खाली करायला लावायचे. एरवी एकच घोष, "पळू नका, पडाल." याला ते शारीरिक शिक्षण म्हणत आणि वर त्याचे गुणही देत.

पोरांनी मला शोधलं ते कुणी न सांगता. आधी दोघं चढले, मग वीस. एका बाजूनं घसरायचे, दुसऱ्या बाजूनं हातापायांवर वर यायचे. चौथीच्या दिपाली मॅडम ओरडायला म्हणून आल्या. तिथं शिपाई मुंजाबा झाडत होता. तो पाचोडकडचा. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या-मेंढरं वळलेली.

"करडाला उंचवटा दिसला की ते चढतंच, मॅडम," मुंजाबा म्हणाला. "त्याला शिकवावं नाय लागत. जे चढत नाय, ते आजारी समजायचं."

मॅडम ओरडल्या नाहीत. तिथंच उभ्या राहून बघत राहिल्या. मास्तर लोकांत ही गोष्ट दुर्मीळ.

त्यांच्याच वर्गात ज्ञानेश्वरी होती. अंगानं जड, स्वभावानं भित्री. मधल्या सुट्टीत पायरीवर बसून इतरांच्या चपला सांभाळायची. एक दिवस ती माझ्यापाशी आली, दोन पावलं चढली आणि घसरून खाली गेली. पोरं हसली. दुसऱ्या दिवशी परत आली. असे अकरा दिवस. रोज तिच्या बोटांच्या खुणा माझ्या अंगावर थोड्या थोड्या वर सरकत होत्या. बाराव्या दिवशी ती माथ्यावर उभी राहिली. जिंकल्याचा आरडाओरडा नाही, काही नाही. बायपासकडं बघत एवढंच म्हणाली, "इथनं ट्रकांच्या ताडपत्र्या दिसतात." मग खाली घसरली आणि परत चढली. अख्ख्या शाळेत मला तेवढं एकच माणूस आवडलं.

दिपाली मॅडमनी पोरांना विचारून विचारून कागदावर मैदान काढलं. मी मध्यभागी. माझी एक बाजू उभी, एक उतरती. तोल सांभाळत चालायला पडलेल्या झाडाचा ओंडका. उड्या मारायला गोटे. पावसाचं पाणी वाहायला चर आणि कडेनं लिंब, जांभूळ. पोरांनी चढावं, लोंबकळावं, रांगावं, पडावं आणि उठावं, अशी ती सगळी रचना.

संस्थेचे सचिव इंद्रजीतराव. त्यांनी पालकांची सभा घेतली. खिडकीतनं मला सगळं ऐकू येत होतं. मॅडमनी कागद उलगडला. इंद्रजीतरावांनी तो दोन बोटांनी धरून पाहिला.

"हे मैदान आहे का उकिरडा?" ते म्हणाले.

पालक हसले. सगळ्यांत मोठ्यानं बोलला तो पुंजाराम, ज्ञानेश्वरीचा बाप. पैठण तालुक्यात त्याची शेती, आणि तो वाळूजला कंपनीत.

"मॅडम, आम्ही मातीतनं निघावं म्हणून शहरात आलोत," तो म्हणाला. "पोरीला परत मातीत घालायला नाय. रोज ड्रेस काळा-पिवळा करून येती. ढिगारा काढा."

तक्रारीच्या अर्जावर पहिली सही त्याचीच. पोरगी कुठं चढली होती, ते त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं. कपडे तेवढे बघितले होते.

मग इंद्रजीतरावांनी एक रंगीत पुस्तक काढलं. निसर्गस्नेही क्रीडांगण. हिरवं प्लॅस्टिकचं गवत. हसऱ्या तोंडाचं सिमेंटचं झाड. आणि मधोमध फायबरची टेकडी. नीट ऐका. मातीची टेकडी उचलून तिथं टेकडीचं सोंग बसवायचं, असा ठराव झाला आणि शिकल्या-सवरल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी कागद गुंडाळला. त्यांची नोकरी कंत्राटी होती. त्या गप्प राहिल्या, म्हणून मला त्यांचाही राग आला.

जेसीबी आला. मला तुकड्या-तुकड्यानं ट्रॉलीत भरलं. पार नाल्यावर नेऊन टाकायचं ठरलं होतं, पण मुंजाबा ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला, "लांब कशाला हिंडतो? मुताऱ्यांच्या मागं वत. कोण बघायलंय?" आळशाला आळशी भेटला. अर्धा मी तिथं पडलो, अर्धा वाटेत सांडलो.

एप्रिलात उद्घाटन ठेवलं. चौथीच्या पोरांना झाडं बनवून नाचवायचं ठरलं. अंगाला पुठ्ठ्याची पानं आणि पाय अनवाणी, कारण झाडं चप्पल घालत नाहीत, असं इंद्रजीतरावांचं म्हणणं. अकराला यायचे पाहुणे सव्वाबाराला आले. तोवर पोरं त्या हिरव्या प्लॅस्टिकवर ओळीत उभी. वरून ऊन, खालून तवा. पोरं एक पाय उचलायची, मग दुसरा. मोठी माणसं मांडवातल्या पंख्याखाली बसून म्हणत होती, बघा, कशी डोलायलीत.

शेवटी पाहुणे माईकपाशी गेले आणि निसर्गाचं महत्त्व सांगू लागले. ज्ञानेश्वरीनं पानं काढून टाकली आणि पळत सुटली. ती जड पोरगी कशी पळाली म्हणून सांगू. मुताऱ्यांना वळसा घालून सरळ माझ्यावर चढली आणि पाय मातीत खुपसून उभी राहिली. तिच्यामागं एकेक करून सगळी झाडं आली. मुंजाबानं न बोलता टाकीतनं बादल्या काढल्या आणि माझ्यावर ओतल्या. पोरांचे तळवे लाल झाले होते, चौघांना फोड आले होते.

मागोमाग मोठी माणसं आली. इंद्रजीतराव म्हणाले, "सगळे परत चला. फोटो राहिलेत."

पुंजारामनं पोरीचे तळवे बघितले. मग तो मैदानावर गेला, वाकून त्या गवतावर हात टेकवला आणि झटकन काढला. परत येऊन शांतपणे म्हणाला, "साहेब, बूट-मोजे काढा आन दोन मिनिटं उभं राहून दाखवा तिथं. मग पोरं आणतो."

इंद्रजीतरावांनी घड्याळ बघितलं. पाहुण्यांनी मोबाईल बघितला. बूट कुणी काढले नाहीत. दिपाली मॅडम मात्र पुढं झाल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पोरं जाणार नाहीत." एवढं बोलायला त्यांना चार महिने लागले.

त्या मैदानाला आता कुलूप आहे. तपासणीला कुणी आलं की तेवढं उघडतात. फायबरची टेकडी उन्हानं तडकलीय. जूनमध्ये मॅडमना परत घेतलं नाही. त्यांचा कागद मात्र मुंजाबानं ठेवलाय. एका रविवारी पुंजाराम ट्रॉलीत शेतातला बाभळीचा ओंडका घालून आला. काटे तासून त्यानं तो माझ्या कडेला टाकला आणि स्वतः घाम पुसत बसून राहिला. मी त्याला माफ केलेलं नाही. अर्जावरची सही त्याचीच आहे. ओंडका चांगला आहे, एवढं मान्य करतो.

मी आता पूर्वीच्या निम्मा आहे. दर पावसाळ्यात थोडा वाहून जातो, आणि मुताऱ्यांचा वास सोसतो. तरी मधली सुट्टी झाली की साठ-सत्तर पाय माझ्यावर येतात. ज्ञानेश्वरी आता पहिलीतल्यांना कुठं पाय रोवायचा ते दाखवते.

तुमच्याकडं मागणं एकच. माझं कौतुक सुचलं तर कृपा करून बैठक घेऊ नका, मला नाव देऊ नका, भोवती कुंपण घालू नका. पोरांना सोडा आणि तुम्ही जरा लांब उभे राहा. तेवढं तरी जमतंय का बघा.