वरचं पाणी

साधनाचा आकड्यांवर विश्वास होता आणि माणसांवरही. या दोघांचंच भांडण लागलं तर कोणाची बाजू घ्यायची, हा प्रश्न तिला मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावर पहिल्यांदा पडला.

साधना जऊळक्याच्या शेतकरी घरातली. नर्सिंग झाल्यावर ती तान्ह्या बाळांच्या आहारावर चाललेल्या एका संशोधनात लागली. ऑफिस वाशीमला, प्रमुख वैभवी मॅडम. तालुक्यातल्या साठ आया निवडलेल्या होत्या आणि प्रत्येकीचं बाळ दिवसाला नेमकं किती दूध पितं ते मोजायचं होतं. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध मोजायचं कसं, हे ती आता कोणालाही सोप्या शब्दांत सांगू शकत होती. त्या तांड्यावरच्या संगीताच्या अंगणातही तिनं तेच सांगितलं.

"हे पानीच हाय," कपातलं तीस ग्रॅम पाणी दाखवत ती म्हणाली. "फक्त साध्या पान्याहून जरासं वजनदार. तू प्यायली की हे तुह्या दुधात उतरते, दुधातून लेकराच्या पोटात जाते. मी चौदा दिवसांत सात वेळा येऊन दोघांच्या तोंडातली लाळ कापसानं टिपून नेईन. त्यावरून यंत्र सांगते, लेकरानं मायचं दूध किती घेतलं. आन् दुसरं काही पाजलं असंन तर तेही सांगते."

संगीता विशीतली, शांत. मांडीवर अडीच महिन्यांचा करण. नवरा ऊसतोडीच्या टोळीची जमवाजमव करायला पुढे गेलेला. बोलत होती ती तिची सासू, हिरीबाई.

"मोजायचं काय त्याच्यात? पोरीच्या अंगावर दूधच नाई. पोट्टं पाहा, मांड्या भरल्या काय त्याच्या? मी तं डबा आनून ठेवला पावडरीचा."

"उघडला नाई ना, याडी?" साधनानं विचारलं. तांड्यावर आईला याडी म्हणतात, आणि साधनानं हिरीबाईला पहिल्या दिवसापासून तीच हाक मारली होती.

"नाई उघडला. तू म्हनली होती ना, थांब म्हनून."

करणचं वजन चार किलो तीनशे होतं. कमीच. पण संगीताचा बांधा चांगला होता, ती पोटभर जेवत होती आणि लेकरू धरायची तिची पद्धतही बरोबर होती. साधनानं वजनाच्या वहीवरून नजर उचलली आणि ठामपणे म्हणाली, "दूध हाय हिले. किती हाय, ते कळंनच."

फॉर्म भरताना तिनं रकाने वाचले. आईनं दुधाशिवाय काय पाजलं? काही नाही. सासूनं काय पाजलं? काही नाही. घुटी, मध, पाणी? नाही, नाही, नाही. संगीता प्रत्येक वेळी सरळ डोळ्यांत पाहून उत्तर देत होती. हिरीबाईही. ओट्यावर सासरा रूपला गुडघ्याला तेल चोळत बसला होता. त्यानं साधनाला रामराम केला, तिनंही केला.

सोयाबीनची सोंगणी चालू होती. सासू-सून सकाळी नऊला शेतात जायच्या, दुपारी एकदा संगीता धावत घरी येऊन करणला पाजायची आणि पुन्हा जायची. म्हणून साधना भल्या सकाळी यायची, त्या निघायच्या आधी. करणच्या तोंडात कापसाचा बोळा दोन मिनिटं धरून ठेवायची, मग तो सिरिंजमध्ये पिळून लाळ नळीत घ्यायची. चौदाव्या दिवशी शेवटची नळी बर्फाच्या डब्यात गेली, तेव्हा हिरीबाई म्हणाली, "आता निकाल लावा बाप्पा या दुधाचा."

निकाल यायला दिवाळी उलटली. तोवर करण चार महिन्यांचा झाला होता, वजन पाच किलो दोनशे.

वैभवी मॅडमनी कागद साधनापुढे सरकवला. "आईचं दूध दिवसाला पाचशे साठ मिली. आणि वरचं पाणी दोनशे साठ. फॉर्मवर मात्र 'फक्त आईचं दूध'. या आईनं माहिती खोटी दिलीय, साधना. हिला वगळावं लागेल."

साधनानं आकडे दोनदा वाचले. दोनशे साठ म्हणजे काही सासूनं चुकून बोट बुडवून चाटवलेला मध नव्हे. रोजचा मोठा पेलाभर. यंत्राची चूक नव्हती, आजूबाजूचे सगळे नमुने नीट आले होते.

"यंत्र बरोबर आहे मॅडम," ती म्हणाली. "पण संगीताही खोटं बोलत नाही."

"दोन्ही खरं कसं असेल?"

"आपण विचारलंच नाही असं काहीतरी आहे. मला दोन दिवस द्या. मी शोधून काढते."

साठ घरांमधल्या एकाही घरून साधना रिकाम्या हातानं परतली नव्हती. मॅडमनी कागद तिच्या हातात दिला.

स्कूटीवरून तांड्याकडे जाताना साधना आपल्याच भेटी मनात मोजत होती. सातही वेळा ती सकाळी गेली होती. बायका घरी असताना. बायका घरी नसताना त्या घरात काय चालतं, ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिनं मुद्दाम अकराची वेळ धरली.

तांड्यावर शुकशुकाट होता. सगळे कापूस वेचायला गेलेले. संगीताच्या ओट्यावर रूपला भिंतीला टेकून बसला होता, मांडीवर करण, बाजूला स्टीलची वाटी. चमच्यानं तो नातवाच्या तोंडात थेंब थेंब सोडत होता, आणि करण मिटक्या मारत पीत होता.

"ये बाई, बस," रूपला म्हणाला. लपवलं काहीच नाही.

साधना त्याच्याजवळ बसली. "काय पाजून राह्यले, बाबा?"

"खडीसाखरेचं पानी. उकळून गार केलेलं हो. झोळीत निजवला का उठते, रडते. माय तं शेतात. घसा सुकते लेकराचा."

"रोज?"

"रोजच. ती येईपर्यंत तीन-चार वाट्या होतात. मग शांत निजते."

"तुमी मले सांगतलं नाई कधी."

रूपलानं तिच्याकडे नवलानं पाहिलं. "तू इचारलं कुठं मले? तू तं बायांले इचारत होती."

साधनानं मान हलवली. हे खरं होतं. फॉर्मवर आई होती, सासू होती, शेजारीण होती. आजोबा नव्हता. चौदा दिवस ती त्याला रामराम करून त्याच्या पुढून गेली होती.

तिनं त्याला दोष दिला नाही. वाटी हातात घेऊन म्हणाली, "बाबा, लेकराचं पोट त्याच्या मुठीएवढं असते. या पान्यानं ते भरलं, का माय आल्यावर ते दूध कमी पिते. ते कमी पिलं, का मायच्या अंगावर दूध कमी बनते. जेवढं पिनार तेवढं येनार, असा हिशेब हाय त्याचा. या पान्यात वजन वाढवनारं काही नाई."

रूपलाचा चमचा हातातच राहिला. त्यानं तो खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हंजे मी उपाशी ठेवून राह्यलो होतो का त्याले?"

"तुमी एकटे सांभाळत होते त्याले. चांगलंच करून राह्यले होते. फक्त वाटीत दुसरं पाहिजे."

दुपारी एकला संगीता घामेजल्या चेहऱ्यानं आली, मागून हिरीबाईही. साधनानं दोघींना कागद वाचून दाखवला. मग रूपलानं स्वतःच सांगितलं, खाली पाहत. हिरीबाईनं नवऱ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं, पण संगीता आधी बोलली.

"म्हंजे दूध हाय मले."

"पाचशे साठ मिली, पानी चालू असतानी," साधना म्हणाली. "पानी बंद झालं का अजून वाढंन."

संगीतानं करणला उचललं, पदराखाली घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तिचे खांदे हलत होते. तीन महिने ती ऐकत होती की तिच्या अंगावर काही नाही. तांड्यावर, पाणवठ्यावर, घरात. तिनं कोणाला उलट उत्तर दिलं नव्हतं, कारण तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

हिरीबाई सुनेच्या मागे जाऊन बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "मी तुले उगाच बोलली," ती म्हणाली. एवढंच. संध्याकाळी पावडरीचा डबा तिनं दुकानात परत नेऊन दिला.

पण कापूस काही थांबणार नव्हता, संगीताला शेतात जावंच लागणार होतं. साधना दुसऱ्या दिवशी सहालाच आली आणि तिनं संगीताला हातानं दूध काढायला शिकवलं. वाटी उकळून घ्यायची, हात साबणानं धुवायचे, दूध झाकून सावलीत ठेवायचं, चार तासांच्या आत पाजायचं.

"वाटीतल्या दुधाले नजर लागते," हिरीबाई कुरकुरली.

"लागू दे," रूपला म्हणाला. "मी बसतो ना राखन. पाहू कोनाची लागते."

पहिल्या सकाळी वाटीचा तळही झाकला नाही. संगीताचा चेहरा उतरला, साधनाचा नाही. "हात नवा हाय," ती म्हणाली. "दूध नवं नाई." चौथ्या दिवशी अर्धी वाटी झाली, आठव्या दिवशी काठोकाठ. रूपला साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायचा, जसं काही शस्त्रक्रियाच करायची आहे, आणि चमच्यानं एकही थेंब न सांडता पाजायचा.

वाशीमला साधनानं मॅडमना सगळं सांगितलं. "फॉर्म चुकलाय," ती म्हणाली. "दुपारी बाळ कोणाजवळ असतं, हेच आपण विचारत नाही."

मॅडमनी वाद घातला नाही. नवा प्रश्न घातला आणि साठही घरी पुन्हा विचारायला लावलं. एकोणीस घरांत दुपारचं बाळ आजोबाजवळ, थोरल्या बहिणीजवळ किंवा शेजारच्या म्हाताऱ्या बाईजवळ होतं. त्यांतल्या बऱ्याच जणांनी कौतुकानं सांगितलं, हो, पाणी देतो ना आम्ही. संगीतासारखंच वरचं पाणी निघाल्यानं ज्यांच्यावर खोटेपणाचा शिक्का बसणार होता, त्या अकरा आया अभ्यासात राहिल्या.

महिन्याभरानं करणला काट्यावर ठेवलं. पाच किलो नऊशे. हिरीबाईनं काटा वाकून तीनदा पाहिला. पण रूपलाचं समाधान झालं नाही. "वजन ठीक हाय. ते वजनदार पानी पाज अजून एकदा," तो साधनाला म्हणाला. "माह्या हाताची तपासनी होऊ दे."

मॅडमनी परवानगी दिली. पुन्हा चौदा दिवस, पुन्हा सात भेटी. या खेपेला फॉर्मवर रूपलाचं नाव होतं, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तो खाकरून, सावकाश देत होता.

निकाल घेऊन साधना आली तेव्हा संगीता शेताकडे निघाली होती, वेचलेला कापूस टाकायचं ओटीचं फडकं कमरेला बांधून. ती थांबली. साधनानं कागद उघडला.

"वरचं पानी वीस मिली. तेवढं यंत्र धरतच नाई, म्हंजे शून्यच."

रूपलानं मिशीवरून हात फिरवला.

"आन् दूध?" संगीतानं विचारलं.

"आठशे दहा."

हिरीबाईनं शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "किती म्हनली?"

"आठशे दहा," या वेळी संगीतानंच सांगितलं. वाटी नीट झाकली आहे ना, ते तिनं एकदा पाहिलं, करणचा पापा घेतला आणि भराभर पावलं टाकत ती शेताच्या वाटेला लागली.