मुठीतला खटका

सैन्याने बाद केलेले जुने हातबॉम्ब त्या शेडमध्ये मोकळे करत. वरचा भाग फिरवून काढायचा, आतली दारू एकीकडे, लोखंड एकीकडे. नवरा गेल्यावर दिरानेच वहिनीला तिथे चिकटवलं होतं. तो स्वतः फाटकावर पहारेकरी होता.

त्या दुपारी तिने पेटीतून एक बॉम्ब उचलला आणि त्याची गंजलेली पिन तुटून खाली पडली. तिने खटका तळहाताखाली गच्च दाबला. तो सुटला की दोन-चार श्वासांत सगळा खेळ खलास.

"पिन गेली!" ती किंचाळली.

शेड बघता बघता रिकामी झाली. ती आवारात आली, तर जिकडेतिकडे भरलेल्या पेट्यांच्या थप्प्या. टाकणार कुठे? फाटकापलीकडे दगडाची जुनी खाण होती, पण सगळे बाहेर पडताच फाटकाला बाहेरून कुलूप लागलं होतं. गजांपलीकडे दीर उभा होता, हातात किल्ली घेऊन.

"भाऊजी, उघडा."

"उघडलंस तर याद राख!" मुकादम लांबूनच ओरडला. "बॉम्ब निकामी करणारे येताहेत!"

"निघालेत ते, वहिनी. जरा दम धरा."

"दम धरीन हो, पण खटका धरवत नाही आता." मग नको ते तोंडून निघून गेलं. "तुम्हीच आणलंत ना मला इथे?"

दिराचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने कुलूप काढलं.

ती धावत सुटली, तोही मागोमाग. खाणीच्या काठावर तिने हात उगारला, पण मूठ सुटेना. बोटांना गोळे येऊन ती लाकडासारखी झाली होती.

"उघडत नाहीत हो! पळा तुम्ही. माझ्या पोरांना बघा."

"गप्प बसा!" आजवर तो तिच्याशी कधी असा बोलला नव्हता. त्याने आपला पंजा खटक्यावर सरकवला, तिचं एकेक बोट उचकटलं, बॉम्ब खाली भिरकावला आणि तिला घेऊन जमिनीवर पडला. खाण हादरली. अंगावर दगडमाती कोसळली. तो काहीतरी विचारत होता. तिला नुसते ओठ हलताना दिसत होते.

हुकूम मोडला म्हणून संध्याकाळीच दिराची नोकरी गेली. त्याच्या आणि तिच्या घरच्या दोन्ही चुली आता तिच्या एकटीच्या पगारावर आल्या.

शेड पुन्हा उघडली तेव्हा मुकादमाने तिच्यापुढे नवी पेटी सरकवली. तिने झाकण काढलं.