लुक्यानच्या विजारीची तांबडी पट्टी

माझ्या लेकाला, लुक्यानला, गावात लपवता आलं असतं. ते माझ्यामुळे जमलं नाही, हे मीच सांगते. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायची मला सवय नाही.

तो लाल फौजेत होता. जर्मनांनी पकडला आणि हजारोंबरोबर उघड्या माळावर, तारांच्या कुंपणात डांबला. तिथे माणसं गवत खात होती. एक दिवस घोड्यावरून कुणी अंमलदार आला आणि म्हणाला, कोसॅक असाल ते पुढे या. आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे कोसॅक, झारचे घोडेस्वार; हा पुढे आला. आधी वाडगाभर लापशी मिळाली, मग जर्मनांचा कोट, मग बंदूक. ज्यांना गद्दार म्हणायचंय त्यांनी आधी आठवडाभर गवत खाऊन दाखवावं.

जर्मनांनी आमचं गाव घेतलं त्या ऑगस्टात तो दारात आला तेव्हा मला कोट दिसलाच नाही, नुसती हाडं दिसली. त्याला चार दिवस खाऊ घातलं आणि मग माझ्या डोक्यात वारं शिरलं. त्याच्या बापाच्या विजारीला असायची तशी कोसॅकाची तांबडी पट्टी मी त्याच्या विजारीला शिवली. झार गेल्यावर लाल राज्यात कितीतरी वर्षं आम्हाला ती घालायची चोरी होती. लाल राज्यात बंद पडलेलं चर्च जर्मनांनी उघडलं, त्या रविवारी मी त्याला गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मिरवला. शेजारची मलान्या कुंपणाशी उभी होती. तिचा मुलगा जर्मनांच्या गोळीनं गेलेला. मी मान ताठ ठेवून पुढे गेले.

फेब्रुवारीत लाल फौजेच्या तोफांचा आवाज जवळ आला. जर्मन गाड्या भरायला लागले.

"मी जात नाही," लुक्यान म्हणाला. "आपलेच येतायत. कैदेतून सुटलो म्हणेन."

"आपले?" उस्तिन्या, माझी सून, चुलीपुढून म्हणाली. "तुमचे आपले आता कोण, ते तरी ठरवा!"

"तू गप्प बस गं," मी म्हणाले. "तळघरात बटाट्यांमागे जागा आहे. राहील तिथं."

आमच्यात घर सोडणारा आईच्या पायांवर डोकं ठेवतो. तिनं त्याच्या डोक्यावर हवेत बोटांनी क्रूस काढल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. मी तो काढणारच नव्हते.

मलान्याचं तोंड तेवढं बंद करायला हवं होतं. तिच्या दारी मी आजवर बोलावल्याशिवाय गेले नव्हते. ती पीठ मळत होती.

"अगंबाई, राणीसरकार आज पायी?"

"मलान्या, लुक्यानबद्दल कुणाला बोलू नकोस. पाया पडू का तुझ्या?"

"नको. तुझे गुडघे वाकायचे नाहीत, मोडतील." मग तिनं हाताचं पीठ झटकलं. "मी नाही सांगणार. तुझा घालवून माझा थोडाच परत येणार आहे? पण अग्राफेना, तू काय मला एकटीला दाखवलास? अख्ख्या गल्लीला दाखवलास. चाळीस घरांची तोंडं दाबायला जाणारेस? खालच्या वस्तीत लाल फौज काल शिरली. असल्या दोघांना विहिरीच्या दांड्याला टांगलं."

मी घरी कशी आले, आठवत नाही.

"ऊठ. जा जर्मनांबरोबर."

"आई, सकाळी तर तूच…"

"सकाळी मला अक्कल नव्हती. ऑगस्टात त्याहून नव्हती. ऊठ!"

"गेलो तर परत यायचं नाही. कळतंय ना तुला?"

"कळतंय. पण जिवंत राहा कुठंतरी."

त्यानं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. माझा हात उचलेना. उस्तिन्यानं कोपराला धरून तो वर केला आणि तिच्या आधारानं मी क्रूस काढला. तिला त्यानं नुसतं जवळ घेतलं. ती रडली नाही.

आम्ही बाहेर आलो तोवर शेवटची गाडी पवनचक्कीच्या पलीकडे गेली होती. तो बर्फातून तिच्यामागे धावत सुटला. चढावर पोचल्यावर थांबला आणि वळून बघू लागला. गोठ्यात परत शिरू बघणाऱ्या वासराला हाकलावं तसा मी हात केला. ओरडले मात्र नाही. तोंड उघडलं असतं तर 'ये' एवढंच निघालं असतं.