राहूचे निमंत्रक, लेस्टरचं लग्न

शंकररावांच्या प्रेसमध्ये लग्नपत्रिका पुण्याहून तयार यायच्या. वर सोनेरी गणपती आधीच उठवलेला, खाली कोरी जागा. त्या जागेत आम्ही नावं छापून द्यायची. आमच्या बौद्ध समाजातलं गिऱ्हाईक आलं की शंकरराव ड्रॉवर उघडायचे, निळं गोल स्टिकर काढायचे आणि गणपतीवर बुद्ध चिकटवून मोकळे व्हायचे.

"काय फरक पडतो, दीक्षा? वरून दिसतंय कोण ते बघायचं."

फरक पडत होता. सोजराआत्याच्या मुलीचं लग्न राहू गावात होतं, भर मे महिन्यात. पत्रिका वाटून होईपर्यंत उन्हानं निम्म्या स्टिकरांचा डिंक सुटला. मंडपात एक पाहुणा पत्रिका नाचवत विचारत होता, "नक्की लगीन कुणाच्या पद्धतीनं हाय, वयनी?" सगळे हसले. आत्याही हसली आणि मग पदरानं तोंड पुसत आत गेली. मला इतका संताप आला, की दुसऱ्या दिवशी शिरूरला येऊन मी स्टिकरांचा गठ्ठा शंकररावांच्या टेबलावर ठेवला आणि नोकरीला रामराम ठोकला.

माझे वडील, चांगदेव भालेराव, एसटीच्या शिरूर डेपोत मेकॅनिक. आम्ही त्यांना आबा म्हणतो. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बातमी त्यांच्या आधीच येऊन बसली होती.

"चालू पगार सोडलास व्हय गं?"

"मी माझ्या पत्रिका विकणार आहे. जगभर."

हे बोलताना जग कुठल्या दिशेला आहे हेही मला धड ठाऊक नव्हतं. पण माझा भाऊ संघर्ष सायबर कॅफेत कामाला होता आणि त्यानं मला एक परदेशी वेबसाइट दाखवली होती. आपण पत्रिकेचं चित्र तिथं टाकायचं. गिऱ्हाइकानं निवडली की जाड कागदावर छापून घरपोच करायचं काम कंपनीचं. खपली की आपल्याला वाटा. मशीन नको, शाई नको, शंकरराव तर मुळीच नकोत.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "दिवाळीपर्यंत बघ. तवर एक बी पत्रिका खपली न्हाई, तर रांजणगावच्या कंपनीत पॅकिंगला जायाचं. ठेकेदाराला मी शब्द दिलाय."

आबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

हे २००८ सालचं. सायबर कॅफेत गिऱ्हाईक नसेल तेव्हा मी संघर्षच्या खुर्चीत बसायची. फिकट निळी जमीन घेतली, तिच्यावर पिंपळाचं पान, शिरान्‌शीर दिसेल असं, आणि वर छोटं चक्र. झाकायला खाली काहीच नव्हतं. हे पान पहिल्यांदा पडद्यावर उमटलं तेव्हा मी खुर्चीतच टाळी वाजवली.

अडचण मजकुराची होती. त्या साइटवरच्या नमुन्यांत फक्त दोन नावं आणि एक तारीख. बाकी कागद उघडाबोडका. मला ते बघवेना. आमच्याकडे अशी पत्रिका निघाली तर लोक विचारतील, पोरगी पळून गेली का? पत्रिका कशी, नावांनी गच्च भरलेली पाहिजे. म्हणून मी भरली. वधू म्हणून आयुष्मती दीक्षा, वर कुणीतरी काल्पनिक आयुष्मान. निमंत्रक म्हणून आबा, चुलते आणि कासुर्डीचे भैरूमामा. खाली आत्या, तिचे दीर, समस्त राहूकर भावकी. शेवटी लहानग्यांचं 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' हेसुद्धा. साइटला मराठी अक्षरं समजत नव्हती, म्हणून सगळा मजकूर चित्रातच बसवला. कुणाला नावं बदलायची असतील तर त्यानं मला निरोप पाठवायचा.

संघर्षनं कौतुकानं एक प्रिंट काढली आणि राहूला आत्याला नेऊन दाखवली. तिथंच घात झाला.

आठवड्याच्या आत आत्या गुळाची ढेप घेऊन दारात. तिच्या मागोमाग भैरूमामा, लालबुंद.

"भाचीचं लगीन ठरलं, आमाला पत्त्या न्हाई. ते बी सोडा. पर मामाचं नाव तिसरं? चुलत्याच्या खाली?"

"मामा, लग्न नाहीच. तो नमुना आहे."

"नमुन्यात तरी वर घ्यायचं व्हतं!"

आबा शरमेनं लाल झाले. "खोट्या लग्नाला माझं नाव निमंत्रक? पोरी, निमंत्रण म्हंजी काय पोरखेळ हाय का? काढ आधी समद्यांची नावं."

"दिवाळीनंतर काढते," मी म्हटलं. हट्ट माझ्या रक्तातच आहे आणि तो आबांकडूनच आलाय.

पण खपत काहीच नव्हतं. पावसाळा गेला. ठेकेदारानं ओळखपत्रासाठी माझे फोटो मागून घेतले. मी रोज कॅफेत जाऊन निरोपांची जागा उघडायची, ती रोज रिकामी असायची आणि मी संघर्षवर उगाच ओरडायची.

विजयादशमीच्या आदल्या दिवशी निरोप आला. इंग्लंडमधल्या लेस्टरहून, प्राची नावाच्या मुलीचा. सणाला आत्या आणि भैरूमामाही आमच्याकडे आले होते, संघर्षनं घरी सगळ्यांसमोर मराठीत वाचून दाखवला. तिचे वडील मूळचे दौंडचे, रेल्वेतल्या माणसाचा मुलगा. ते आता नाहीत. आई तिकडेच वाढलेली. पुढे तिनं लिहिलं होतं: मुलाकडच्यांची नावं भरपूर आहेत, माझ्या बाजूला आईशिवाय छापायला कुणीच नाही. तुमची पत्रिका उघडली आणि इतकी माणसं एकदम दिसली. वधूवरांची नावं बदलून द्या. पण बाकीची मंडळी तशीच राहू दिली तर चालेल का? त्यांना विचाराल का?

आत्या रडायला लागली. मी आबांकडे बघितलं. एवढी वाट पाहिलेलं गिऱ्हाईक दारात आलं होतं आणि ते आबांच्या एका 'न्हाई'वर परत जाणार होतं.

"तिला फोन लावा," आबा म्हणाले.

"का?"

"निमंत्रक म्हनून नाव छापलं की लगीन आपलं झालं. पोरीशी बोलल्याबिगर मी नाव देत नसतो."

निरोपाखाली तिचा नंबर होता. फोन लागला. आबा डेपोत इंजिनाच्या आवाजावर बोलतात तसे ओरडले, "जय भीम, बाळा! मी चांगदेव. तुज्या बाजूनं आमी हाय. नावं ऱ्हाऊ दे." मग आत्या बोलली, हळदीपासून सगळं सांगून झालं. मग मामांनी फोन जवळजवळ हिसकावलाच. "मी मामा. कासुर्डीचा. माझं नाव जरा वर घ्यायला दीक्षाला सांग." पलीकडून हसण्याचा आणि रडण्याचा आवाज एकदमच आला.

मामांचं नाव मी वर घेतलं. लग्न प्राचीचं होतं आणि तिनंच सांगितलं, मामा पहिला.

पत्रिका लेस्टरला छापल्या गेल्या आणि तिच्या मैत्रिणींनी, त्यांच्या नातेवाइकांनी मागवायला सुरुवात केली. लंडन, टोरांटो, कुठून कुठून निरोप यायचे. कुणाला चक्र मोठं हवं, कुणाला आजोबांचं गाव घालून हवं. मी खुर्चीतून उठेनाशी झाले आणि संघर्ष स्टुलावर बसायला लागला.

दिवाळीत ठेकेदार दारात आला. "चांगदेवराव, सोमवारपासून पोरीला पाठवा."

आबांनी त्याच आठवड्यात प्राचीकडून टपालानं आलेली निळी पत्रिका त्याच्या हातात दिली. त्यानं वाचली, उलटी करून पुन्हा वाचली. "लेस्टर? निमंत्रक तुमी? आवो, पोरगी परदेशात दिली का काय?"

"न्हाई," आबा म्हणाले. छाती अशी बाहेर काढली होती, की शर्टाच्या गुंड्या ताणल्या. "माझी पोर हितंच हाय, आन् कामात हाय. तुमची जागा दुसऱ्या कुणाला द्या."