अक्षरावरची छपरी

गोरित्सात पाटी लिहावी ती व्हेंत्सेलनंच, असं गावात सगळे म्हणायचे, आणि सगळ्यांत मोठ्यानं व्हेंत्सेल म्हणायचा. रस्त्यापलीकडून वाचता येत नाही ती पाटी नव्हे, आणि वाचून पाय दुकानात वळत नाहीत तीही नव्हे, हे त्याचं ठरलेलं वाक्य.

गावावर तेव्हा इटलीचं राज्य होतं. त्या वर्षी फॅसिस्ट सरकारचं फर्मान निघालं: पाट्या इटालियनच हव्यात. त्याच्या दुकानासमोरच्या झोफ्का चेर्नेच्या बेकरीला त्यातल्या त्यात सोपं गेलं. तिच्या आडनावाच्या पहिल्या अक्षरावर, C वर, आमची छपरी होती. ती खूण दिसते उलट्या छपरासारखी, पण आम्ही स्लोव्हेन लोक तिला छपरीच म्हणतो. ती उडवली की नाव इटालियन. उच्चारसुद्धा तोच.

"काढून टाक, व्हेंको," झोफ्का म्हणाली. "नवरा गेला तेव्हा दुकान चाललं, छपरी गेल्यावरही चालेल."

व्हेंत्सेलनं छपरी खरवडली आणि तिच्या जागी एक पाकोळी काढली, दोन्ही पंख वर उचललेली. लांबून पाहिलं की छपरी, जवळ गेलं की पक्षी. स्वतःच्या हुशारीवर तो बेहद्द खूश झाला.

दूधवाली सकाळीच ओरडली, "अगं झोफ्का, तुझ्या छपरीला पंख फुटले की!" दुपारपर्यंत गल्लीभर हसू पसरलं. कधी न येणारी माणसंही पाव घ्यायला आली.

झोफ्का बाहेर आली, वर बघितलं आणि पांढरीफटक पडली. "पुस ती. आत्ताच्या आत्ता."

"अगं, पाकोळी आहे! पाकोळीला कुठला कायदा?"

"व्हेंको, तुला खेळ सुचतोय. माझ्या जिवावर बेतेल."

"बरं बाई, उद्या पुसतो."

त्यानं पुसली नाही. चार दिवस तो आपल्या दारात कॉफी पीत बसला, आणि कोण थांबून हसतंय ते बघत राहिला. माणसाला कौतुकाची चटक लागली की त्याचे कान बंद होतात.

पाचव्या दिवशी भरदुपारी काळ्या सदऱ्यातले तिघे फॅसिस्ट आले. व्हेंत्सेल खिडकीमागे होता, हातात ब्रश.

"हे कोणी रंगवलं?"

"मी," झोफ्का म्हणाली. "शिडी लावून मीच काढलं."

तिला सरळ रेघ मारता येत नव्हती, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. कोणी बोललं नाही. व्हेंत्सेलही बोलला नाही. तिघांनी तिला पायरीवर बसवलं, नाक दाबलं आणि एरंडेलाची अख्खी बाटली तिच्या घशात रिकामी केली. ती एकसष्ट वर्षांची होती. जुलाब थांबेनात, तिसऱ्या दिवशी गेली.

तिची मुलगी मिल्का लाकडी क्रूस घेऊन व्हेंत्सेलकडे आली. "नाव लिहायचंय, काका. पाद्री म्हणाले, छपरीशिवाय लिहा, नाहीतर उपटून टाकतील."

व्हेंत्सेलनं मान डोलावली. त्यानं नाव सुरेख लिहिलं, सरळ आणि ठसठशीत, रस्त्यापलीकडून वाचता येईल असं. शेवटचं अक्षर झाल्यावर सवयीनं हात आडनावाच्या पहिल्या अक्षरावर गेला.

मिल्कानं त्याचं मनगट धरलं. "काका, पक्षी नको."